चार विसांवर विझणारा दिवा

अंगणातला सेन्सरचा दिवा मी उलटा बसवला होता.

उलटा म्हणजे अगदी शंभर टक्के उलटा. दिव्याचा झोत भिंतीवर आणि सेन्सरचा डोळा आभाळाकडे. त्यामुळे वटवाघूळ वरून गेलं की दिवा लागायचा, आणि अंगणातून माणूस चालत आला तर त्याला अंधारातच ठेच लागायची. दिवा आणला होता बिबट्यासाठी. आमचं घर शिनोलीच्या बाहेर मळ्यात, मागे ऊस, आणि त्या आठवड्यात शेजारच्या मळ्यात ठसे दिसले होते. दोन दिवस मी तो आभाळ राखणारा दिवा सगळ्यांना कौतुकानं दाखवला. तिसऱ्या दिवशी शालननं — म्हणजे आमच्या सौभाग्यवतीनं — पीठ मळता मळता विचारलं, "अहो, बिबट्या वरून येणाराय का?"

मग मी तो सुलटा केला. इथून पुढचं जे सांगायचंय, ते दिवा सुलटा झाल्यानंतरचं आहे. आधीच्या सगळ्याचं explanation माझ्याकडे आहे — मी. नंतरच्याचं नाही.

आता मी कोण, ते सांगतो, म्हणजे तुम्ही मला उगाच देवभोळा समजणार नाही. घोडेगावच्या एका शाळेत मी क्लार्क आहे. शाळेत दरवर्षी अंधश्रद्धेवर कार्यक्रम होतो. त्यात लिंबू कापून रक्त काढून दाखवायचं काम माझ्याकडे असतं. (रसायन सुरीला लावायचं असतं. एका वर्षी मी ते विसरलो आणि पाचशे पोरांसमोर साधंच लिंबू कापलं. सरबताला उपयोगी पडलं.) भूत, भानामती, करणी... या शब्दांवर मी आजवर फक्त हसलोय. गावात कुणी अनुभव सांगायला लागलं की मी मधेच प्रश्न विचारून त्याची मजा घालवतो, अशी माझी ख्याती आहे. तेव्हा आता तुम्ही माझी मजा घालवा. हरकत नाही.

दिवा घराच्या पुढच्या भिंतीवर, ओट्याच्या बरोबर वर. समोर अंगण, अंगणाच्या टोकाला फाटक. डाव्या हाताला म्हशीचा गोठा. या दिव्यांना तीन बटणं असतात — फिरवायची. एक, किती अंधार पडल्यावर जागं व्हायचं ते. दुसरं, किती लांबचं बघायचं ते. तिसरं, एकदा लागला की किती वेळ जळायचं ते. मी वेळेचं बटण सगळ्यात खाली ठेवलं होतं. दहा सेकंद. हललं काही की लागायचा, आणि हलणारं निघून गेलं की दहा सेकंदांत बंद.

पहिल्या संध्याकाळी दिवेलागणीला तो आपोआप लागला. अंगणात कुणी नव्हतं. मी म्हटलं मांजर असेल. पण तो विझेना. दहा सेकंद गेली, मिनिट गेलं, दोन गेली... मी मोबाईलवर वेळ लावली. चार मिनिटं आणि वर काहीतरी. मग एकदम विझला. आणि त्यानंतर रात्रभर शहाण्यासारखा वागला. शालन गोठ्यात गेली, लागला. ती परत आली, विझला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दिवेलागण झाली की लागायचा, सव्वाचार-साडेचार मिनिटं जळायचा, विझायचा.

मग मी troubleshooting सुरू केलं. इथे शालननं देवाला हात जोडले.

आधी म्हशीवर संशय घेतला. तिला मागच्या बाजूला बांधली. रागावून तिनं दोन दिवस दूध चोरलं, दिवा लागतच राहिला. मग पपईच्या झाडाची दोन पानं फाटकाजवळ हलत होती, ती कापली. पपई एकटीच उभी राहिली, बोडकी. मग कुणीतरी शाळेत सांगितलं की दिवसभर तापलेला पत्रा संध्याकाळी निवायला लागला की सेन्सर फसतो, त्याला उष्णता कळते. म्हणून गोठ्याच्या पत्र्यावर चार वाजताच पाणी मारलं. पत्रा निवला, मी घसरलो. सेन्सरवर पाल बसत असेल म्हणून कापूर लावला. अर्ध्या डोळ्यावर काळी टेप चिकटवली. दिवा अर्ध्या डोळ्यानंही चार मिनिटं जळला.

शेवटी दत्ता वायरमनला बोलावलं. दत्ता माझा वर्गमित्र, त्यामुळे तो माझी कामं आधी पोटभर हसून घेतो आणि मग करतो. त्याचं निदान एका शब्दाचं — व्होल्टेज. संध्याकाळी लाईनवर भार बदलतो, त्यानं सेन्सर वेडा होतो. त्यानं दिवा इन्व्हर्टरवर घेतला. लागला. मग दत्ता स्वतःच्या पिशवीतला दुसरा, अगदी वेगळ्या बनावटीचा दिवा घेऊन आला. तो बसवला. बटणं त्यानंच लावली, मला हात लावू दिला नाही. दिवेलागण झाली... लागला.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं फाटकाच्या बाहेर उभे होतो, सेन्सरच्या टप्प्याबाहेर. या नव्या दिव्यात एक गंमत होती. सेन्सरच्या पोटात मोहरीएवढा लाल ठिपका. समोरून काही गेलं की एकदा लुकलुकायचा. दत्ता त्या ठिपक्याकडे बघत राहिला. ठिपका लुकलुकत होता — पण एकसारखा नाही. एक... मग थोडं थांबून एक... मग दोन घाईघाईनं... मग एक. मी म्हटलं, बिघडलाय हा पण. दिवा विझल्यावर दत्ता पिशवी उचलत म्हणाला, "भाऊ, बिघडल्यावर एका चालीत लुकलुकतं. हे पुढनं कायतरी चाललंय. एकामागं एक."

चहा नको म्हणाला. चहाला नाही म्हणणारा दत्ता मी त्याआधी पाहिला नव्हता.

आता मला तात्यांबद्दल सांगायला पाहिजे. तात्या माझे वडील. आज ऐंशीच्या पुढे आहेत. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. लांब कुठं चराईला नाही, डिंभ्याच्या कालव्याच्या कडेनं आणि टेकडीला न्यायची, दिवेलागणीला घरी आणायची. अंगणातच वाघर लावलेली असायची — वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. तिच्या तोंडाशी तात्या बसायचे आणि एकेक मेंढरू आत घेताना मोजायचे. रोज. अंगठा गुडघ्यावर टेकवायचे, एका मेंढराला एकदा. वीस झाली की दुसऱ्या हाताचं एक बोट मिटायचं. सहा विसा आणि सात, एवढी मेंढरं होती आमची शेवटी.

चार वर्षांपूर्वी ती मी विकली.

कारणं सगळी होती. तात्या ओढ्यात पडले होते. बिबट्यानं कुत्रं नेलं होतं, मग दोन कोकरं नेली. मी शाळेत, शालन एकटी. विकायचीच होती, तात्यांनाही ते माहीत होतं. पण आमच्या घरात एक रीत आहे. मेंढरं दुसऱ्याच्या हाती देताना धनी स्वतः वाघरेच्या तोंडाशी बसतो आणि बाहेर जाणारं एकेक मेंढरू मोजून देतो. शेवटचं गेलं की त्याच्यामागं भंडारा उधळायचा. मोजून दिली तर मेंढरं गेली. न मोजता दिली तर ती गेली असं धरत नाहीत.

मी काय केलं... तात्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी जुन्नरला माझ्या बहिणीकडे चार दिवस होते. त्यातच गिऱ्हाईक आलं. मी विचार केला, म्हाताऱ्याच्या डोळ्यांदेखत नको, जिवाला लागेल. भर दुपारी दोन टेम्पोत मेंढरं भरली. तात्या परत आले तेव्हा अंगण झाडलेलं होतं. पुढच्या महिन्यात मी तिथं पेव्हर ब्लॉक बसवले, म्हणजे डाग राहायला नको.

तात्या भांडले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. फक्त दिवेलागणीला घरात जायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे. दिवसा बोलायचे — पाणी आलं का, म्हैस आटली का, एवढंच. ती वेळ मात्र चार वर्षं त्यांनी अंगण पाहिलं नाही. आणि खरं सांगायचं तर ती वेळ माझीही होती. लहानपणापासून मोजणी संपली की मी त्यांच्या शेजारी बसायचो. दोघांच्या अंगाला मेंढरांचा वास, जाळीत रवंथ करणारा काळोख, मधेच एखादी घंटा... आणि तात्या दिवसभराचं सांगत बसायचे. कुठल्या मेंढीनं कुणाच्या रानात तोंड घातलं, कोण काय म्हणालं. मी पन्नाशी ओलांडली तरी ते चालू होतं. मेंढरं विकली तेव्हा मी काय काय विकतोय याचा हिशोब मला लागला नव्हता. क्लार्क असून.

दत्ता चहा न घेता गेला, त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. दिवा लागला आणि तात्या बाहेर आले. घोंगडी घेऊन. ओट्यावर, बरोबर दिव्याखाली बसले. मी फाटकाबाहेर होतो, तो लाल ठिपका पुन्हा बघायला गेलो होतो. तिथून मला दोन्ही दिसत होतं — वर ठिपका, खाली तात्या. तात्यांना ठिपका दिसणं शक्य नव्हतं, तो त्यांच्या डोक्यावर, मागच्या भिंतीला. ते समोर अंगणात बघत होते. रिकाम्या पेव्हर ब्लॉककडे.

आणि त्यांचा अंगठा गुडघ्यावर टेकत होता.

ठिपका एक... अंगठा एक. ठिपका थांबला, अंगठा थांबला. दोन घाईघाईनं — अंगठा दोनदा. मी डोळे चोळले, चष्मा पुसला. चूक शोधत होतो हो, दुसरं काय करणार? पण चूक सापडेना. एक बोट मिटलं. दुसरं मिटलं. तिसरं. चौथं मिटलं आणि दिवा विझला.

मी आत येऊन उभा राहिलो. माझ्या हालण्यानं दिवा पुन्हा लागला, आता रीतसर, दहा सेकंदांपुरता. तात्या स्वतःशीच म्हणाले, "चार इसा." आणि घोंगडी आवरून जेवायला गेले. त्या रात्री भिंतीकडे तोंड केलं नाही.

त्यानंतरचे बारा-तेरा दिवस... कसे सांगू? मी शाळेतून सुटलो की मोटारसायकल अशी हाकायचो की जणू घरी मेंढरं कोंडायची आहेत. चहा घेऊन ओट्यावर तात्यांच्या शेजारी बसायचो. मला अंगणात काही दिसलं नाही, हे स्पष्ट सांगतो. वास नाही, आवाज नाही, घंटा नाही. मी फार वाट पाहिली त्या घंटेची. दिवा लागायचा, तात्या मोजायचे, चार विसांवर दिवा विझायचा. आणि मग काळोखात तात्या बोलायला लागायचे. जुनं, नवं. कालव्याला पाणी नव्हतं तेव्हाचं. आईचं. एका आडदांड मेंढीचं, जी रोज सगळ्यांच्या पुढे घुसायची. एकदा म्हणाले, "तू ल्हान व्हतास तवा तुला मोजाया बसवायचो. रोज पाच-सात जास्तीच भरायची तुझी. मला वाटायचं, ह्ये पोरगं कळप वाढवील."

मी हसलो. मग चहाचा कप बघत बसलो.

दोन दिवसांनी मी धीर केला. चार वर्षं घशात अडकलेलं बाहेर काढलं. म्हटलं, तात्या, तुम्हाला न विचारता मेंढरं विकली, चुकलं माझं. तात्यांनी घोंगडी अंगावर ओढून घेतली. मग म्हणाले, "इकलीस त्याचं काय न्हाई. म्हातारपणी इकावीच लागत्यात. मला मोजू दिली न्हाईस."

बस. एवढंच. पण ते रागानं नव्हतं. उन्हाळ्यात ऊन आहे म्हणावं तसं.

आणि मग ती संध्याकाळ आली. दिवा चार विसांवर विझला तेव्हा तात्यांनी पहिल्यांदाच वर मान करून त्याच्याकडे पाहिलं. म्हणाले, "सदा, ह्याला जरा जास्त येळ ठिवता येतो का? लई लवकर मिटतो."

चार वर्षांत तात्यांनी मला सांगितलेलं हे पहिलं काम. तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं, मला माहीत नाही. शहाणा माणूस दोन मिनिटं थांबला असता. दत्ताला फोन केला असता. निदान बटण आधी कुठं होतं तिथं पेननं खूण केली असती. मी यातलं काही केलं नाही. स्टूल ओढलं, वर चढलो, वेळेचं बटण फिरवलं. थेट टोकापर्यंत. म्हटलं, तात्या, आता सहा विसा सोडा, दहा विसा मोजा.

दुसऱ्या दिवशी दिवा लागला नाही.

तात्या बसून राहिले. अंधार पडला, डास आले. मी उठून फाटकाकडे गेलो, दिवा लागला — माझ्यासाठी, खोक्यावर लिहिल्याप्रमाणे बरोबर. परत येऊन बसलो, लावलेला वेळ पुरा जळून विझला.

मी बटण मागे फिरवलं. दहा सेकंद, वीस सेकंद, पाऊण मिनिट, अर्धा केसभर इकडे, अर्धा केसभर तिकडे. म्हशीला पुन्हा पुढे बांधली. पपईला नवी पानं फुटली होती, ती हलू दिली. काळी टेप चिकटवली, काढली. जुना दिवासुद्धा परत लावून पाहिला — एकदा उलटासुद्धा लावला, आता लपवून काय उपयोग. पूर्वी तो बिघाड काढायला मी जेवढा घाम गाळला, त्याच्या दुप्पट तो परत आणायला गाळला. दिवा आता इतका चोख चालतो की कंपनीनं येऊन फोटो काढावा.

दत्ता म्हणतो, आतला एखादा सांधा सैल असणार, तू बटण पिळलंस तसा तो घट्ट बसला. दोन वेगवेगळ्या दिव्यांत एकच सांधा सैल कसा, असं विचारलं की तो पिशवी आवरायला लागतो. शालन म्हणते, आली होती ती भेटून गेली, रोज रोज कशाला येतील. पण मोजणी चार विसांवरच थांबली होती, बोटं मी स्वतः पाहिली आहेत. उरलेली दोन विसा आणि सात कुठं आहेत, आणि माझ्या बटणामुळे ती यायची राहिली की त्यांना यायचंच नव्हतं — मला खरंच माहीत नाही. तो ठिपका आणि तो अंगठा एका चालीत कसे चालत होते, तेही नाही. शाळेत यंदा लिंबू कापलं, रक्त आलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांना नेहमीचं भाषण दिलं. मधेच दोन वाक्यं विसरलो.

एक गोष्ट मात्र राहिली. तात्या आता दिवेलागणीला घरात जात नाहीत. घोंगडी घेऊन ओट्यावर बसतात, अंगणाकडे तोंड करून. बोलतात थोडंफार. पण हात गुडघ्यावर तसाच पडून असतो.

परवा मला ते बघवेना. मी उठलो. फाटकापाशी गेलो आणि जिथं वाघरेचं तोंड असायचं तिथून अंगणात आलो. दिवा लागला. गोठ्याला वळसा घालून मागून परत फाटकाशी, परत तिथूनच आत. दिवा विझू द्यायचा नाही, एवढंच डोक्यात. शालन खिडकीत येऊन उभी राहिली आणि तशीच आत गेली. दहा फेऱ्या झाल्या, पंधरा झाल्या. विसाव्या फेरीला तात्यांच्या हाताकडे पाहिलं — अंगठा हलला नव्हता. मग मी मान जरा खाली घातली, पावलं आखूड केली, दोन आत आलो की थोडं थांबायचं, मग घाईनं एक, असं करू लागलो. दम लागला होता. वय झालंय आता. पण उजेड टिकून होता, आणि तात्या माझ्याकडे बघत होते. इतका वेळ सलग त्यांनी माझ्याकडे कधी पाहिलं होतं, मला आठवत नाही.

तिसाव्या फेरीच्या आसपास त्यांनी घोंगडी सरकवून शेजारी जागा केली.

"सदा, बस हितं," म्हणाले. "मेंढरं अशी चालत न्हाईत. त्यास्नी जरातरी अक्कल असती."